घरचा होता म्हणून विकला

त्या सकाळी नळाला पाणी आलं होतं. मी अंगणात टाकीत पाइप सोडून उभी होते आणि दुसऱ्या हाताने मोबाइल बघत होते. फुटबॉल क्लबच्या पानावर आमच्या डाव्या बचावपटूचा पाठमोरा फोटो होता. मैदानातून बाहेर जाताना, हात वर केलेला. खाली एकच शब्द: धन्यवाद.

माझ्या तोंडून शिवी गेली. मी शिव्या देणारी बाई नाही. अकरावी-बारावीला गणित शिकवते, वर्गात कुणाला मूर्खसुद्धा म्हणत नाही. पण ती इतकी खणखणीत गेली की शेजारच्या ओट्यावर दात घासणारे काका ब्रश तोंडात तसाच ठेवून बघायला लागले. पाइप टाकीतून निसटला आणि खाटेवर पसरलेल्या मुगावर सगळं पाणी.

“काय व्हयनं वं?” सासूबाई आतून धावत आल्या.

“इकी टाका त्यासनी त्याले!”

“कोनले? पारडूले?”

घरात आठवडाभर म्हशीचं पारडू विकायचं की ठेवायचं यावर बोलणं चाललं होतं, म्हणून त्यांना तसं वाटलं. मी म्हटलं, पारडू नाही, माणूस विकला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, भिजलेल्या मुगाकडे बघितलं आणि मूग सुपात भरायला लागल्या. त्या वेळी मला त्यांचाही राग आला. आज वाटतं, त्या दिवशी माझ्या घरात शहाणी तेवढी तीच एक बाई होती.

आमचं गाव शहादा तालुक्यात, लोणखेड्याच्या पुढे. नवरा अक्कलकुव्याला बँकेत, रोज गाडीने जाऊन येऊन करतो, आणि त्याला कुठलाच खेळ आवडत नाही. फुटबॉलचं वेड मी नाशिकहून आणलं, एम.एस्सी.ला असताना. हॉस्टेलमधली माझी रूममेट एका इंग्लिश क्लबची चाहती होती. तिचं लग्न झालं, ती सगळं विसरली, मी मात्र अडकले. आमच्या क्लबने शेवटचा मोठा चषक जिंकला तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर काही नाही. एवढ्या वर्षांत मी फक्त हरायला शिकले, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे.

लग्न होऊन आले तेव्हा मी स्वयंपाकघरात मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून, आवाज बंद करून मॅच बघायची. सासऱ्यांसमोर बसायची पद्धत आमच्याकडे नव्हती. आबा ओसरीवर, मी आत. बोलणं म्हणजे “चहा दे” आणि “दिला”. मग दोन वर्षांपूर्वी आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पपईच्या बागेत रोज दोन फेऱ्या मारणारा माणूस ओसरीतल्या पलंगावर पडून राहिला. बातम्यांना कंटाळले, क्रिकेटला कंटाळले. एका शनिवारी संध्याकाळी काठी टेकत पाणी प्यायला आत आले आणि माझ्या मागे उभे राहिले. मला कळलंच नाही. आमच्या गोलरक्षकाने बॉल अडवला तशी मी लाटणं वर केलं.

“काय देखी ऱ्हायनी वं पोरी?”

मी डोक्यावरचा पदर सावरत म्हटलं, “फुटबॉल, आबा.”

ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “इतलाश्या मोबाइलमा काय दिसस तुले? टीव्हीवर लाव ना.”

तिथून सुरुवात झाली. आधी मी दारात उभी राहून बघायची, मग उंबऱ्यावर बसून, मग चटईवर. दोन महिन्यांनी आबा पलंगावर आणि मी खुर्चीवर, आणि सासूबाई म्हणायला लागल्या, “दोन्हीसले येड लागेल शे.”

आबांना क्लबचं नाव नीट येत नव्हतं. खेळाडूंची तर मुळीच नाही. त्यांनी त्यांना आपली नावं ठेवली. एक उंचाडा, एक टकल्या, एक नुसता पडणारा म्हणून पडक्या. आणि आमचा डावा बचावपटू, तो डावखोऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “हाऊ कोन शे?” मी सांगितलं, हा त्या मैदानाच्या मागच्या गल्लीत जन्मला. सात-आठ वर्षांचा असताना क्लबच्या पोरांच्या संघात आला, तिथेच शिकला, तिथेच मोठा झाला. बाकी सगळे देशोदेशीहून विकत आणलेले. हा एकटा घरचा.

“गावना पोऱ्या शे मंग हाऊ,” आबा म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांना बाकीचे दहा दिसेनासे झाले. डावखोऱ्या धावला की आबांचा बरा असलेला गुडघा हलायचा. तो चुकला तर “थकी गया व्हई बिचारा.” दुसरा कुणी चुकला तर “काढी टाका त्याले.”

आता त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांचं सांगते, म्हणजे माझा राग कळेल.

खेळाडूंची खरेदी-विक्री करायची मुभा क्लबांना वर्षातून दोनदा असते, एकदा तिकडच्या उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि एकदा जानेवारीत. त्या मुदतीला ट्रान्सफर विंडो म्हणतात. ती उघडते तेव्हा माझ्यासारख्या माणसाचं काम एकच, वाट बघणं. मागच्या हंगामात आमचे गोल करणारा एकच माणूस होता. त्याचा करार संपला आणि तो फुकटात दुसरीकडे गेला, कारण क्लबच्या मोठ्या साहेबांना कागद वेळेवर करायला सुचलं नाही. ठीक. आता नवा आणतील. एक गोल करणारा हवा, एक मधल्या फळीतला हवा. हे मला कळत होतं, आबांना कळत होतं, आमच्या घरी दूध घालणाऱ्या माणसालाही मी सांगून कळवलं होतं. ज्यांना त्याच कामाचा पगार मिळतो त्यांना कळत नव्हतं.

जून गेला. बातमी आली की पोर्तुगालचा एक स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा, क्लबच्या शहराच्या विमानतळावर दिसला. मी कॉलेजात प्रवेशाचे अर्ज तपासत होते, पोरं रांगेत उभी, आणि मी टेबलाखाली मोबाइल बघत होते. एका मुलीचा दाखला मी दोनदा परत मागितला, दोन्ही वेळा तो माझ्याच हातात होता. संध्याकाळी कळलं, तो स्ट्रायकर बायकोला घेऊन फिरायला आला होता.

जुलैत क्लबने पहिली खरेदी केली. छत्तीस वर्षांचा गोलरक्षक. गोलरक्षक आमच्याकडे दोन होते. हा तिसरा, बाकावर बसायला. मग ब्राझीलचा एक एकोणीस वर्षांचा पोरगा घेतला, मी आनंदाने आबांना फोटो दाखवला, आणि त्याच आठवड्यात तो बेल्जियमच्या एका क्लबला उसना दिला. आमच्या मैदानाचं गवतसुद्धा त्याने बघितलं नसेल. नवीन जर्सी मात्र तीन आल्या. एक घरच्या मैदानावरची, एक बाहेरची, एक कशासाठी ते अजून मला कळलेलं नाही. क्लबचे मोठे साहेब मुलाखतीत शिस्त, धीर आणि दूरदृष्टी असले शब्द वापरत होते. मला ते शब्द ओळखीचे वाटले. ज्याला काम करायचं नसतं तो माणूस हेच शब्द वापरतो, मग तो कुठल्याही देशातला असो.

आबा रोज विचारायचे, “उना का कोनी?” मी म्हणायची, “नही.” पुढे पुढे ते विचारतानाच हसायला लागले आणि मी उत्तर देणं सोडलं.

आणि मग विंडो बंद व्हायच्या दिवशी, सकाळी, पाणी भरताना, तो पाठमोरा फोटो. आणायचं राहिलं बाजूला, होता तो विकला. आणि कुणाला? ज्या क्लबचं नाव आम्ही घरात घेत नव्हतो त्याला. ज्याच्याकडे पैसा इतका आहे की त्यांना डावा बचावपटू हवा होता असंही नाही, आमच्याकडे नसावा एवढंच हवं होतं.

आबा बागेत जायला बूट घालत होते. मी ओसरीवर गेले आणि सांगितलं. त्यांनी एक बूट हातात धरून ठेवला.

“डावखोऱ्याले? काब्र?”

मला कारण ठाऊक होतं. तासभर मी तेच वाचत होते, आणि वाचून वाचून माझं डोकं तापलं होतं. मी त्यांना समजावलं. विकत आणलेला खेळाडू विकला, तर आणतानाचा खर्च वजा होतो. घरी वाढलेल्याला आणायला काही पडलेलंच नसतं. त्यामुळे त्याचे येतील ते सगळे वहीत नफा म्हणून लागतात. क्लबला नियमाप्रमाणे नफा दाखवायचा होता. मग जो सगळ्यात आपला, त्यालाच काढणं सगळ्यात सोयीचं.

आबांनी हातातला बूट उलटा करून झटकला. मग म्हणाले, “म्हंजे घरना शे म्हनीसन इका?”

“हो, आबा.”

“घरना पोऱ्या फुकटना ऱ्हास का?” त्यांचा आवाज चढला. तो असा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. “त्याले वाढावाले काही लागनं नही का? बारा-पंधरा साल त्याना मायबापनी त्याले तठे धाडा, ते काहीच नही?” त्यांनी हातातला बूट जमिनीवर आपटला. “लिख. त्यासले पत्र लिख आते.”

मला कॉलेजला जायचं होतं. तरी मी बसले. क्लबच्या पानावर चाहत्यांच्या तक्रारींसाठी पत्ता असतो. आबा अहिराणीत बोलत होते आणि मी मोबाइलवर इंग्रजीत लिहीत होते. त्यांनी सांगितलं, मी हिंदुस्थानातून लिहितोय, माझं वय एवढं, मी पपई लावतो. झाड दोन वर्षांत म्हातारं होतं, ते आम्ही काढतो. पण ज्या झाडाला फळ धरलंय ते काढणाऱ्याला आमच्याकडे वेडा म्हणतात. तुमच्या साहेबाला शेत द्यायच्या लायकीचा मी समजत नाही. तुमच्याकडे म्हातारी माणसं आहेत का? असतील तर त्यांना विचारून काम करत जा. शेवटी त्यांनी एक वाक्य सांगितलं ते मी गाळलं. गाळल्याचा मला आजही पश्चात्ताप आहे.

उत्तर दोन मिनिटांत आलं. त्यांनी आमच्या उत्कटतेबद्दल आभार मानले होते आणि खाली नव्या जर्सीवर सवलतीचा कोड दिला होता. “काय म्हनतस त्या?” आबांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी उठून पलीकडे तोंड केलं आणि राहिलेला बूट घातला. मी त्या कोडकडे बघत राहिले. क्लबने शिवी परत दिली असती तरी चाललं असतं. निदान कुणीतरी वाचलं, असं वाटलं असतं.

तशीच स्कूटीवर बसले आणि कॉलेजला गेले. जायला नको होतं.

आमच्या स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचे एक सर आहेत, माझ्यापेक्षा लहान, हसरे. ते डावखोऱ्याला विकत घेणाऱ्या क्लबचे चाहते. कधीपासून? तो क्लब जिंकायला लागला तेव्हापासून. त्याआधी ते म्हणे स्पेनच्या एका क्लबचे होते, तोही जिंकत होता तोवर. मी आत शिरले तर ते पेढ्यांचा बॉक्स घेऊन टेबलाटेबलाला फिरत होते. सगळ्यांना वाटलं, मुलगा झाला. मला बघून त्यांनी बॉक्स माझ्यापुढे धरला.

“घ्या मॅडम. तुमच्याकडूनच आलेला माल आहे, गोड तर लागणारच.”

सगळे हसले. काही न कळताही हसले. मी बॉक्स त्यांच्या हातातून घेतला, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यापाशी गेले आणि त्यात उपडा टाकला. अर्धा किलो तरी असतील. मराठीच्या मॅडम हळूच म्हणाल्या, “अगं, अन्न आहे.”

तिथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण राग एकदा सुटला की माझं मला ऐकू येत नाही. मी म्हटलं, “सर, तुम्ही आयुष्यात कधी हरणाऱ्याच्या बाजूला उभे राहिलात का? तुम्हाला नेहमी तयार ताटच लागतं. इथली जागासुद्धा तुम्ही तशीच घेतली. ज्या बाई सात वर्षं तासिकेवर राबल्या त्यांना घरी बसवून.”

त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांच्या नेमणुकीबद्दल कॉलेजात कुजबुज होती, एवढंच मला ठाऊक होतं. खरं काय, ते मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी रिकामा बॉक्स डब्यातून उचलला, चेपला आणि परत टाकला. “मॅडम,” ते म्हणाले, “मी गंमत करत होतो.” आणि वर्गावर गेले.

प्राचार्यांनी दुपारी बोलावलं. “एवढं काय मॅडम, खेळच आहे.” हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे. नवऱ्याच्या तोंडून, आईच्या, सगळ्यांच्या. निवडणूक हरली तर माणसं महिना महिना तोंड उतरवून फिरतात, त्यांना कुणी म्हणत नाही की नुसतं मतदानच आहे. खेळाबद्दल माझं बरोबर होतं आणि बाकीचं चूक होतं, आणि दोन्ही एका वाक्यात सांगता येत नव्हतं.

चार दिवसांनी मी सरांना पार्किंगमध्ये गाठलं. म्हटलं, “नेमणुकीबद्दल बोलले ते मी बोलायला नको होतं. मला काही माहीत नव्हतं. चुकलं माझं.”

ते म्हणाले, “त्या बाईंना मीच फोन केला होता, जॉईन व्हायच्या आधी. त्या म्हणाल्या, तू नाही घेतलीस तर दुसरा घेईल. हे मी कुणाला सांगत बसत नाही.” मग विचारलं, “आणि पेढ्यांचं?”

“पेढ्यांचं नाही चुकलं,” मी म्हटलं.

ते हसले नाहीत, पण मान हलवली. आता आम्ही कामापुरतं बोलतो. ते मी ओढवून घेतलं, क्लबच्या माथी मारता येणार नाही. मारावंसं वाटतं.

पुढच्या शनिवारी आमची मॅच होती. मी चहा केला, टीव्ही लावला, खुर्ची ओढली. आबा आले, पलंगावर बसले. डाव्या बाजूला एक नवखा पोरगा उतरवला होता, मुळात उजव्या पायाचा. पंधरा मिनिटांत त्याच्या बाजूने आमच्यावर गोल झाला. मी कपाळावर हात मारला.

आबा म्हणाले, “डावखोऱ्यानी मॅच कवय शे?”

“त्याची आत्ताच चालू आहे. दुसऱ्या ठिकाणी.”

“ती लाव मंग.”

मला वाटलं, गंमत करताहेत. मी म्हटलं, “आबा, तो आता त्यांचा आहे. आपल्या वैऱ्यांचा.”

“मन्हा काय वैरी शे तो?” ते अगदी शांतपणे म्हणाले. “मी त्या पोऱ्यानी मॅच देखसू. तुन्हा क्लब तू देख.”

तुन्हा क्लब. दोन वर्षं मला वाटत होतं की तो आमचा क्लब आहे. मी उठले. मला इतका संताप आला की सासरे आहेत हे विसरून मी बोलले, “असं पाहिजे तिकडे जायचं नसतं, आबा! सर जिंकणाऱ्यामागे जातात आणि तुम्ही एका माणसामागे! क्लब म्हणजे काही असतो की नाही?”

“काय शे क्लब?” त्यांनी विचारलं. “त्या मैदानमा कोन ऱ्हास? साहेब? त्यानीच तं पोऱ्या इका. मंग मी कोनले धरीसन बठू?”

मी वैऱ्यांची मॅच लावून दिली, रिमोट पलंगावर ठेवला आणि मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात गेले. मसाल्याच्या डब्याला टेकवून उरलेली मॅच बघितली. आम्ही तीन गोलांनी हरलो. बाहेरून आबांच्या टाळीचा आवाज आला, आणि मला तो सहन झाला नाही. भाजी करपली.

तेव्हा मला कळलं की क्लबने माझं काय केलं होतं. त्यांनी विकला एक, माझे गेले दोन. त्या मोठ्या साहेबांच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसेल की शहादा तालुक्यातल्या एका घरात एक म्हातारा आणि एक सून एकत्र बसायचे, ते आता बसत नाहीत. नफ्याच्या खाली त्याला रकाना नाही. ह्याचा मला जो राग आहे तो हरण्याच्या रागासारखा नाही. हरण्याचा राग सोमवारपर्यंत उतरतो.

तीन महिने असंच चाललं. ओसरीत एक क्लब, स्वयंपाकघरात एक. जेवताना आबा मुद्दाम काही बोलायचे नाहीत, पण तो चांगला खेळला की त्यांचा चेहरा दिसायचाच. एकदा त्यांनी विचारलं, “तुन्हा काय व्हयनं?” मी म्हटलं, “बरोबरी.” आम्ही हरलो होतो. सासऱ्यांशी मी खोटं बोलले ते आजवर तेवढंच.

मग थंडीत दोन्ही क्लबांची एकमेकांशी मॅच आली, आमच्या मैदानावर. ती वेगळी बघण्यात अर्थ नव्हता. मी खुर्ची ओढून ओसरीत बसले. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि पलंगावर थोडे सरकले, जणू मला जागा हवी होती.

डावखोऱ्या मैदानात आला तशी आमच्या लोकांनी हुर्यो सुरू केली. त्याच्या पायात बॉल आला की सगळं मैदान ओरडायचं. ज्या गल्लीत तो जन्मला ती त्या स्टँडच्या मागेच असेल. मीही तोंड उघडलं होतं. तीन महिने मी त्याचा द्वेष करायचा सराव केला होता, आणि तो जमलाही होता.

“हाई लोके त्याले काब्र शिव्या दी ऱ्हायनात?” आबा उठून उभे राहिले. “त्यानी सोताले इका का?”

मी तोंड मिटलं. स्क्रीनवर त्याचा चेहरा जवळून दाखवला. तो खाली बघत होता, मोजे सारखे करत होता. सारखे असलेलेच मोजे. मला एकाएकी त्या हजारो लोकांचा राग आला, आणि त्यांच्यात मी बसले होते. वर काचेमागे खुर्चीत मोठे साहेब बसलेले दाखवले, कोट घालून, हसत, शेजारच्याशी बोलत. त्यांना कुणी हुर्यो करत नव्हतं. एक जण सुद्धा नाही.

“त्याले वरडा ना!” मी टीव्हीला ओरडले. “त्या कोटवाल्याले!”

सासूबाई आतून आल्या. नवरा नुकताच आला होता, तो दारातच हेल्मेट घेऊन उभा राहिला.

आम्ही हरलो. दुसरा गोल डावखोऱ्याच्या पासवरून झाला. त्याचे सोबती त्याला मिठी मारायला धावले, तो हात खाली ठेवून उभा राहिला, नाचला नाही. आबांनीही टाळी वाजवली नाही. टीव्ही बंद करून ते नुसते म्हणाले, “दमी गया व्हई,” आणि ते त्याच्याबद्दल होतं की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही. मी उठून ताटं वाढली. त्या दिवसापासून मी ओसरीतच बसते. आधी त्याची मॅच, मग आमची, किंवा उलटं. दोन्ही एका वेळी आल्या तर टीव्ही आबांचा. मी मोबाइल घेऊन तिथेच असते. समेट झाला असं कुणी समजू नये. त्याचा क्लब जिंकला की मला अजून जेवण जात नाही, आणि आबांना ते माहीत आहे, म्हणून ते त्या दिवशी ताटावरून लवकर उठून हात धुतात.

जानेवारीत विंडो पुन्हा उघडली. आमचा क्लब गुणतालिकेत खालून चौथा होता. महिनाभरात त्यांनी कुणालाही आणलं नाही. शेवटच्या दिवशी मधल्या फळीतला आणखी एक जण गेला, तोही घरी वाढलेला. मी वाचलं, मोबाइल उलटा ठेवला आणि बारावीचे पेपर तपासले. त्या दिवशी मी सगळ्यांना कमी मार्क दिले. दुसऱ्या दिवशी परत काढून नीट तपासावे लागले.

फेब्रुवारीत क्लबचा मेल आला, परदेशी चाहत्यांची वार्षिक सदस्यता संपतेय, चालू ठेवायची का. मी शपथ घेतली होती, नवऱ्यासमोर, मोठ्याने, की आता नाही. दोन दिवस तो मेल तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी रिकाम्या तासाला स्टाफरूममध्ये बसून पैसे भरले. रसायनाच्या सरांना समोरून दिसलं, त्यांनी न दिसल्यासारखं केलं. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

घरी आबांनी विचारलंच. त्यांना कुठून कळतं देव जाणे.

“भरी दिधं का?”

“भरलं.”

“इतलं व्हयनं तरी?”

“इतकं झालं तरी.”

“येडी शे तू,” ते म्हणाले.

“शे,” मी म्हटलं. आणि मला पुन्हा त्या कोटवाल्या माणसाचा इतका राग आला, की हातातला चहाचा कप मी ओट्यावर जरा जोरातच ठेवला.